पाहुणा मास्तर

परक्या देशातल्या एखाद्या कुटुंबात राहायचे, त्या घरातल्या मुलांशी रोज तास-दोन तास इंग्रजी बोलायचे आणि त्या बदल्यात खोली, दोन वेळचे जेवण, जमल्यास थोडा हातखर्च घ्यायचा, हा सौदा आता नवलाचा राहिलेला नाही. युरोप-अमेरिकेतली कॉलेजची मुले पदवीच्या आधीचे किंवा नंतरचे एखादे वर्ष असे काढतात, आणि अलीकडे आपल्याकडच्या मुलामुलींच्या कानावरही ही वाट आलेली आहे. हिशेब वरवर सरळ दिसतो. पाहुणा भाषा देतो, घर आसरा देते, फिटंफाट. मला वाटते, हा हिशेबच चुकीचा मांडलेला आहे. इंग्रजी हे त्या घरात राहण्याचे भाडे आहे आणि खरी शिकवणी उलट बाजूने चालते. घर शिकवते आणि मास्तर शिकतो. ती शिकवणी चालेल की नाही, हे मास्तरचे इंग्रजी किती चांगले यावरून ठरत नाही. त्या घरात त्याची पायरी कोणती, तो कोणाच्या शब्दात राहतो, यावरून ठरते. याचा पुरावा पाहायला माद्रिदला किंवा टोकियोला जायची गरज नाही. माळव्यात तो शंभर वर्षांपूर्वी घडून गेलेला आहे, आणि तोही एका मराठी घरात.

देवासची गोष्ट मराठी वाचकाला थोडी आठवण करून द्यावी लागते, कारण नकाशावरून ते संस्थान कधीच पुसले गेले. मराठी फौजा माळव्यात उतरल्या त्या काळात तुकोजी आणि जिवाजी या पवार भावांनी देवास घेतले आणि पुढे त्याच्या दोन पात्या झाल्या, थोरली आणि धाकटी. एकाच गावात दोन राजे, दोन राजवाडे, दोन दरबार. मधे चामुंडेची टेकडी. दोन्ही पात्यांचा मुलूख होळकर-शिंद्यांच्या मुलखात ठिगळांसारखा विखुरलेला. आजच्या देवास जिल्ह्यात, गावाच्या आग्नेयेला पठारावर असलेल्या हाटपिपल्यापर्यंत गेले तर कानावर माळवी आणि हिंदी पडते. पण शंभर वर्षांपूर्वी देवासच्या वाड्यात मराठी बोलली जात होती, सण मराठी पद्धतीने होत होते आणि सोयरीक कोल्हापूरशी होती. थोरल्या पातीचे तिसरे तुकोजीराव १९०८ साली राजर्षी शाहूंचे जावई झाले. त्यांचाच मुलगा विक्रमसिंहराव पुढे १९४७ साली कोल्हापूरला दत्तक जाऊन छत्रपती शहाजी झाला.

या तुकोजीरावांच्या दारात दोन इंग्रज आले, दोघेही केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजचे, दोघेही तिशीच्या आसपासचे किंवा त्याहून तरुण. पहिला माल्कम डार्लिंग. १९०४ साली तो आयसीएसमध्ये दाखल होऊन पंजाबात आला आणि दोन-तीन वर्षांतच सरकारने त्याला तरुण राजाचा शिक्षक आणि पालक म्हणून देवासला धाडले. राजाचा जन्म १८८८चा, डार्लिंगचा १८८०चा. इंदूरचे डेली कॉलेज आणि अजमेरचे मेयो कॉलेज पाहून आलेल्या राजाला इंग्रजी यायचे ते आलेच होते. त्याला साहेबी कारभाराची रीत शिकवावी, हा सरकारचा हेतू. दुसरा ई. एम. फॉर्स्टर. तो १९१२च्या डिसेंबरात डार्लिंगचा मित्र म्हणून देवासला पाहुणा आला आणि १९२१ साली राजाचा खासगी चिटणीस म्हणून सहा-सात महिने राहून गेला. याला शिकवणी म्हणता येणार नाही हे खरे. पण चिटणिसाचे काम म्हणजे इंग्रजी पत्रव्यवहार पाहणे, राजाला वाचून दाखवणे, आल्या-गेल्या साहेबांशी बोलणे; म्हणजे दरबाराने त्याला ठेवले होते ते त्याच्या इंग्रजीसाठीच. त्यावर बाग, मोटारी, टेनिसचे मैदान आणि विजेचे घर यांची देखरेख गळ्यात पडली, हे अशा पाहुण्याच्या बाबतीत आजही होते. इंग्रजी बोलायला ठेवलेल्या मुलीला आठवड्याभरात धाकट्याला शाळेत पोचवायचे काम येऊन चिकटते.

फॉर्स्टरला या प्रकारची सवय आधीच होती, आणि म्हणून तो या विषयाचा सर्वांत उपयोगी साक्षीदार ठरतो. १९०५ साली, विद्यापीठ सुटल्यावर काय करायचे हे नक्की होत नसताना, तो जर्मनीच्या पोमेरेनिया भागातल्या नासेनहाइड गावी एका घरात राहून मुलींना इंग्रजी शिकवत होता. घर होते एलिझाबेथ फॉन आर्निम या लेखिकेचे, जिच्या बागेविषयीच्या पुस्तकाने १८९८ साली इंग्लंडभर नाव कमावले होते. दोन वर्षांनी त्याच घरात ह्यू वॉलपोल हा दुसरा होतकरू लेखक मास्तर म्हणून आला. म्हणजे आज ज्याला आपण नवी टूम समजतो ती तेव्हाच रुळलेली होती: बड्या घरांना इंग्रज मास्तर हवा, आणि शिकून मोकळ्या झालेल्या तरुणांना डोक्यावर छप्पर. त्या मुलींचे इंग्रजी फॉर्स्टरमुळे किती सुधारले याची नोंद साहित्याच्या इतिहासात कुठे नाही, आणि मुलींची आईच इंग्रजीत लिहिणारी असल्यावर असे किती सुधारणार होते? नोंद आहे ती दुसऱ्या बाजूची. पाच वर्षांनी आलेल्या त्याच्या 'हॉवर्ड्स एंड' या कादंबरीतल्या बहिणी जर्मन बापाच्या लेकी आहेत, आणि विचार, संगीत, पुस्तके यांनी भारलेले जर्मन घर व पैसा-व्यवहार ओळखणारे इंग्रज घर यांची त्यात जुगलबंदी आहे. लेखकाने एखादा उन्हाळा जर्मन घरात काढला नसता तर ती याच रीतीने लिहिली गेली असती का, याची मला शंका आहे.

१९०६ साली त्याच फॉर्स्टरने इंग्लंडात एका हिंदुस्थानी मुलाला लॅटिन शिकवले. तो मुलगा म्हणजे सर सय्यद अहमद यांचा नातू रॉस मसूद, ऑक्सफर्डच्या तयारीसाठी एका इंग्रज कुटुंबात राहणारा. इथे सौदा उलटा होता: परक्या घरी राहणारा विद्यार्थी होता आणि मास्तर आपल्याच गावात, आपल्या आईच्या घरी होता. तरीही शिकवणीचे फळ कोणाच्या पदरात पडले? 'अ पॅसेज टु इंडिया' १९२४ साली आली ती मसूदला अर्पण केलेली. लॅटिनचे पुढे काय झाले, कोण जाणे.

आता देवासकडे परत येऊ, कारण माझा मुद्दा तिथेच कसाला लागतो. डार्लिंग आणि फॉर्स्टर एकाच राजाच्या सान्निध्यात राहिले, पण दोघांची पायरी वेगळी होती. डार्लिंगला पगार सरकारचा. तो राजाचा मास्तर होता आणि पालकही. राजा वयात आला तरी त्याच्यावर नजर ठेवणारा माणूस. फॉर्स्टरला पगार राजाचा. तो नोकर होता, प्रेमाचा असला तरी नोकरच. डार्लिंगची आणि राजाची मैत्री जन्मभर टिकली, आणि यात त्या दोघांच्या स्वभावाचा वाटा मोठा आहे हे मान्य करायला हवे. सरकारने नेमलेला प्रत्येक साहेब असा निघत नव्हता. तरीही वाड्याच्या आतल्या दालनात जाऊन बसण्याची, अनवाणी उभे राहून सण पाहण्याची, दरबारी मानापमानात स्वतः सापडून घाम पुसण्याची पाळी आली ती फॉर्स्टरवर. १९२१च्या पावसाळ्यातली गोकुळाष्टमी त्याने जुन्या वाड्यात पाहिली. आठ दिवस चाललेला उत्सव, फुलांत बुडालेले देव, गोंगाट, देवापुढे गाणारा-नाचणारा राजा, शेवटी तळ्यावर नेलेले मातीचे गोकुळ. हे सगळे त्याला समजले असे त्याचाही दावा नाही. घरी लिहिलेल्या पत्रांत तो कधी वैतागतो, कधी थट्टा करतो, कधी गप्प होतो. पण 'अ पॅसेज टु इंडिया'चा शेवटचा भाग, ज्यात तुकारामाचे नाव घेत एक हिंदू दरबार नाचतो, तो या आठ दिवसांतून उगवला. त्या उत्सवात एक इंग्रजी पाटीही लावलेली आहे, तिच्यातली अक्षरे उलटसुलट झालेली. इंग्रजीसाठी नेमलेला माणूस ती पाटी पाहतो आणि दुरुस्त करायच्या भानगडीत न पडता कादंबरीत जशीच्या तशी ठेवतो. त्याला तोवर कळून चुकले असावे की त्या दालनात शुद्धलेखनाची कोणाला पडलेली नाही.

डार्लिंगच्या बाबतीतही घराची शिकवणी थांबलेली दिसत नाही, ती फक्त उशिरा फळली. पंजाबात परत गेल्यावर त्याने शेतकऱ्याच्या कर्जाचा अभ्यास हातात घेतला. १९२५ साली आलेले त्याचे पुस्तक अजून अर्थशास्त्राच्या अभ्यासकांच्या टेबलावर असते. सावकाराच्या वहीइतकेच शेतकऱ्याच्या घरातले लग्न आणि श्राद्ध कर्जाला कारण होते, हे फाइली वाचणाऱ्या साहेबाला सुचत नाही. घरे पाहिलेल्याला सुचते. याचे सगळे श्रेय देवासला द्यायला मी तयार नाही. पण साहेबाच्या नोकरीची पहिलीच वर्षे एका हिंदुस्थानी घराच्या उंबऱ्यापाशी गेली, याचा काहीच परिणाम झाला नसेल असे म्हणणे त्याहून अवघड आहे.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो जड आहे. हे सगळे साम्राज्याच्या सावलीत घडले. इंग्रज मास्तर राजाच्या घरी राहतो याला विद्यार्थी-पाहुण्याची उपमा देणे म्हणजे सत्तेला पाहुणचाराचा शेला पांघरणे. आक्षेप खरा आहे. तुकोजीराव पुढे कर्जात बुडाले, सरकारने कारभारात हात घातला, त्यांनी पाँडिचेरीचा फ्रेंच मुलूख गाठला आणि १९३७ साली तिथेच त्यांचा शेवट झाला. किंग्ज कॉलेजचे मित्र त्यांना वाचवू शकले नाहीत. पण म्हणूनच पायरीचा मुद्दा महत्त्वाचा ठरतो. सत्ता पाहुण्याच्या बाजूला झुकलेली असेल तर शिकणे आखडते, घराच्या बाजूला असेल तर वाढते. आणि ती अजिबात नाहीशी कधीच होत नाही. मग ती घराच्या बाजूला पुरेपूर झुकली तर काय होते, हेही पाहायला हवे. त्याची साक्ष मराठी माणसांनीच दिलेली आहे, पण इंग्लंड-अमेरिकेत.

पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या तेव्हा वाँटेजच्या सेंट मेरी भगिनींच्या मठात राहिल्या. फुकटचे खायचे नाही हा त्यांचा बाणा होता. पुण्याच्या मिशनवर येऊ घातलेल्या भगिनींना मराठी शिकवायची आणि त्याच्या बदल्यात राहायचे, इंग्रजी शिकायचे, असे ठरले. म्हणजे आज ज्याची जाहिरात होते तोच सौदा, फक्त भाषा मराठी. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला. पुढे चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात त्या संस्कृत शिकवू लागल्या आणि यजमान मंडळींचे व त्यांचे खटके उडू लागले. काय मानायचे, कोणाला शिकवायचे, किती स्वतंत्र राहायचे, अशा प्रत्येक गोष्टीत घराला आपला शब्द चालावा असे वाटत होते, आणि बाईंना आपला. हा वाद पत्रांत नोंदलेला आहे आणि वाचताना दोन्ही बाजूंचा जिव्हाळा व दोन्ही बाजूंचा हट्ट एकदमच जाणवतो. आसरा देणारे घर मायेच्या नावाने केवढे मागू शकते, याचे याहून स्पष्ट उदाहरण माझ्या माहितीत नाही. १८८६च्या सुरुवातीला रमाबाई अमेरिकेला निघाल्या, आनंदीबाई जोशांचा पदवीदान समारंभ पाहायला.

आणि आनंदीबाई हे याच नाण्याचे दुसरे अंग. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कारपेंटर यांनी आनंदीबाईंचे पती गोपाळराव यांचे पत्र एका मिशनरी मासिकात वाचले आणि न पाहिलेल्या मुलीशी पत्रव्यवहार सुरू केला. १८८३च्या जूनमध्ये आनंदीबाई त्यांच्या घरी उतरल्या. लुगडे सुटले नाही, शाकाहार सुटला नाही, धर्म सुटला नाही, आणि कारपेंटरबाई मावशी झाल्या. १८८७ साली आनंदीबाई गेल्यावर त्यांची रक्षा पोकिप्सीला कारपेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवली गेली. मिशनरी मासिकातून जुळलेले हे नाते धर्मांतराच्या वळणावर गेले नाही, त्याचे एक कारण मला असे दिसते की त्या घराने पाहुणीकडून काही वसूल करायचे ठरवलेच नव्हते. मग माझा भाड्याचा सिद्धांतच इथे कोसळतो की काय? थोडा कोसळतो. भाडे न घेणारी घरेही असतात. मात्र ती विरळा असतात, आणि धोरण विरळ्यांवर आखता येत नाही.

मराठी समाजाला हा प्रश्न परका नाही. वार लावून जेवणे ही आपल्याकडची जुनी सोय: सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या, आणि उपकार फेडायला घरातल्या मुलांची शुद्धलेखनाची वही तपासायची, स्तोत्रे पाठ करून घ्यायची, आलेली पत्रे वाचून दाखवायची. गेल्या दोन शतकांतल्या कित्येक मोठ्या माणसांच्या चरित्रात हा मजकूर सापडतो, आणि तो सहसा हळवेपणाने लिहिलेला असतो. त्यात एक गोष्ट गाळली जाते. दार उघडायचे ते जात पाहून. ज्याला ओसरीच्या पुढे घेणे घराला चालत नसे, त्याला वार मिळत नसे आणि माधुकरीही. शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढले आणि पाठोपाठ वेगवेगळ्या समाजांची वसतिगृहे उभी राहिली, त्यामागे शिक्षणाच्या कळकळीइतकीच ही समजही होती की परक्याच्या घराच्या मर्जीवर गरीब मुलाचे शिक्षण टांगून ठेवता येत नाही. ज्या राजाच्या घरी राहून फॉर्स्टर शिकला, त्याच्या सासऱ्याने घरांवर विसंबणे नाकारले होते. हा आक्षेप मी सगळ्यांत गंभीर मानतो. घरी राहून शिकणे-शिकवणे कितीही सुंदर असो, घर निवड करते, आणि ती निवड रंग, जात, धर्म, पासपोर्ट यांवरून होते. ज्याला दार उघडत नाही त्याच्यासाठी वसतिगृह लागतेच. यजमान घर ही वसतिगृहाची जागा घेणारी गोष्ट नाही, त्याच्या शेजारी उभी राहणारी आहे.

पासपोर्टचे तर उघडच आहे. दक्षिण कोरियात भाषाशिक्षकाचा जो व्हिसा मिळतो तो इंग्रजीसाठी प्रामुख्याने सात देशांच्या नागरिकांना: अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. यामागची समजूत अशी की ज्याच्या घरात इंग्रजी बोलली जाते तोच ती चांगली शिकवतो. रॉबर्ट फिलिपसन यांनी १९९२च्या आपल्या पुस्तकात ही समजूत भ्रम ठरवली आणि शिक्षणशास्त्रात तो मुद्दा आता बहुतेकांनी स्वीकारलेला आहे. कारण साधे आहे. मातृभाषा आपण कशी शिकलो, हे माणसाला आठवत नाही. दुसरी भाषा शिकलेल्याला प्रत्येक ठेच आठवते. हाटपिपल्यासारख्या गावातून आलेला मुलगा घरात माळवी बोलतो, शाळेत आणि बाजारात हिंदी, पवारांच्या मागे आलेल्या घरांतला असेल तर आजीशी मराठी, आणि इंग्रजी त्याने चौथ्या पायरीवर गाठलेली असते. एका भाषेतून दुसरीत जाताना क्रियापद कुठे सरकते, कोणता उच्चार जिभेवर अडतो, हे त्याला लंडनच्या मुलापेक्षा जास्त ठाऊक असते. पण जाहिरातीत हवा असतो लंडनचा मुलगा.

मग कोणी म्हणेल, शिकवण्याचे प्रशिक्षण नसलेल्या विद्यार्थ्याने शिकवूच नये. मुलांचे नुकसान होते. वर्गाबद्दल हे मला पूर्ण मान्य आहे. तीस मुलांसमोर उभे राहायला तयारी लागते, आणि ज्या योजना वीस-बावीस वर्षांच्या पोरांना दोन दिवसांची तोंडओळख करून देऊन परदेशी शाळेत सोडतात, त्या शाळेची फसवणूक करतात. घराची गोष्ट वेगळी आहे. घरात इंग्रजी शिकवायची नसते, बोलायची असते: भाजी चिरताना, पत्ते खेळताना, रुसवा काढताना. तिथे प्रशिक्षणापेक्षा चिकाटी उपयोगी पडते. पण मग त्याला शिकवणी म्हणून विकू नये, एवढेच. भाव आणि माल दोन्ही खरे सांगावेत.

राहिला तो आक्षेप फार जण घेतच नाहीत, आणि मला तो फॉर्स्टरची पत्रे आठवताना हटकून सुचतो. त्या वाड्यातल्या बायका पडद्याआड होत्या. त्याने जे घर पाहिले ते पुरुषांच्या बाजूने दिसणारे. त्याची ताटे कोणी वाढली, त्याच्या सोवळ्या-ओवळ्याचा निस्तार कोणी केला, याचा हिशेब त्याच्याकडे नाही. वार लावून जेवलेल्या थोरांच्या चरित्रांतही शेठजींचे किंवा शास्त्रीबुवांचे नाव असते, चुलीपाशी बसलेलीचे क्वचित. आजही यजमान कुटुंब म्हणजे व्यवहारात यजमानीणबाई. पाहुण्याची खोली झाडणे, त्याला काय चालते-चालत नाही ते लक्षात ठेवणे, तो उशिरा आला तर जागणे, हे काम सौद्यात कुठेच धरलेले नसते. त्याच वेळी उलट बाजूनेही पिळवणूक होते. इंग्रजी बोलायला आलेल्या मुलीकडून दिवसभराची मोलकरीण करून घेतली जाते. युरोपात हे इतके वाढले की कौन्सिल ऑफ युरोपने १९६९ साली अशा पाहुण्या-मदतनिसांसाठी, ज्यांना तिकडे ओ पेअर म्हणतात, करारच केला: दिवसाला साधारण पाच तासांपेक्षा जास्त काम नको, आठवड्यातून किमान एक दिवस पूर्ण सुट्टी, भाषेच्या वर्गाला जायला वेळ. जर्मनीचे आजचे नियम आठवड्याला तीस तासांची मर्यादा घालतात. त्यात एक अट मला फार बोलकी वाटते. पाहुण्याला जर्मनची तोंडओळख असावी लागते, आणि घरातल्या निदान एका मोठ्या माणसाची जर्मन मातृभाषा असावी किंवा घरात जर्मन बोलली जावी. म्हणजे कायदा करणाऱ्यांनी गृहीतच धरले आहे की या व्यवहारात विद्यार्थी तो पाहुणा आहे. त्याने कोणती भाषा आणली यापेक्षा त्याच्या कानावर कोणती पडणार, याची सरकारला काळजी.

भारतात अशी सोय वाढवायची झाली, परदेशी विद्यार्थी लहान गावांत राहून शाळकरी मुलांशी इंग्रजी बोलणार असतील, तर मोठी शहरे टाळावीत असे माझे मत आहे. मुंबई-पुण्यात पाहुणा इंग्रजीवरच दिवस काढू शकतो. त्याची पायरी खाली येतच नाही. हाटपिपल्यात ती पहिल्याच दिवशी खाली येते. रिक्षावाल्याला काय सांगायचे, दुकानात साबण कसा मागायचा, शेजारची बाई माळवीत काय विचारते आहे, हे घरातल्या दहा वर्षांच्या पोराला विचारावे लागते, आणि त्या क्षणी मास्तर कोण हे ठरून जाते. माळव्याला हे काम जमते, याचा दाखला इंग्रजांकडून मागायलाही नको. १९४८ साली क्षयाने आजारी असलेले कुमार गंधर्व देवासला आले ते कोरड्या हवेसाठी. बेळगावकडचा जन्म, मुंबईतली तालीम, तोंडात मराठी. गाणे बंद, अंथरुणावर पडून राहायचे, आणि खिडकीतून माळवी बायकांची गाणी ऐकायची. पाच-सहा वर्षांनी ते गायला उठले तेव्हा त्या लोकधुनांतून निघालेले राग त्यांच्याजवळ होते. तिथे तर ते मास्तर म्हणूनही आले नव्हते.

अशा सोयीत घराशी काय ठरवावे, हे कागदावर उतरवायला अर्धे पानसुद्धा लागणार नाही. रोज किती तास बोलायचे. स्वयंपाकघरात पाहुण्याने कोणते काम करायचे, आणि ते मुलगा असो वा मुलगी. यजमानीणबाईंना सुट्टी कोणत्या दिवशी. धर्म, कपडे आणि जेवण यांबाबत कोणी कोणाला सांगायचे नाही. आणि रात्रीच्या जेवणाला घरची भाषा. ही शेवटची अट घरांना पटवणे सगळ्यांत अवघड जाईल. पैसे मोजून किंवा खोली देऊन इंग्रजी आणले आणि जेवताना माळवीच बोलायची, हे आईबापांना नुकसानीचे वाटेल. पण पाहुणा चार वाक्ये माळवीत चुकत बोलला की पोरांची इंग्रजीची भीती निम्मी उतरते, कारण मोठे माणूसही चुकते आणि चुकून हसते हे त्यांना समोर दिसते. हा फायदा कोणत्याही व्याकरणाच्या पुस्तकात नाही.

हाटपिपल्यात डोल ग्यारसला, म्हणजे गोकुळाष्टमीनंतर अठराएक दिवसांनी, भाद्रपद शुद्ध एकादशीला, नृसिंहाची पाषाणमूर्ती नदीच्या पाण्यात सोडतात आणि ती तरंगते. तीनदा सोडायची, आणि ती कशी तरंगली यावरून लोक पुढच्या वर्षाचा अंदाज बांधतात. सोयाबीन शेतात उभे असते, पाऊस परतीच्या वाटेवर असतो, काठावर सगळा गाव लोटलेला. घरातल्या पोरांबरोबर एखादा पाहुणा मास्तर त्या काठावर उभा राहिला, तर दगड पाण्यावर कसा तरंगतो हे तो विचारणारच. पोरांनी ते इंग्रजीत सांगायचे की त्याने माळवीत ऐकायचे, हे त्या घरात तोवर ठरलेले असले म्हणजे झाले.